करमणूक त्यांची, जमीन आपली



करमणुकीच्या विरोधात बोलणाऱ्या माणसाची आपल्याकडे फारशी धडगत नसते. कारखान्याला विरोध करणारा माणूस धुराकडे बोट दाखवू शकतो, धरणाला विरोध करणारा बुडणारे गाव दाखवू शकतो. पण आकाशपाळण्याला विरोध करणाऱ्याने काय दाखवावे? पाळण्यात बसलेली मुले खदखदा हसत असतात, खाली उभी असलेली त्यांची आई कौतुकाने वर पाहत असते आणि त्या गर्दीत हा एकटा कपाळाला आठ्या घालून उभा! तेव्हा "शहरातील नव्या करमणूक-उद्यानांना होणारा स्थानिक विरोध" असा विषय मी चालकांना कळविला, त्या वेळी त्यांनीही क्षणभर विचार केला असेल की उन्हाळ्याच्या सुट्टीत, संध्याकाळच्या गार वेळी, लोकांनी हे का म्हणून ऐकावे.

त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. या उद्यानांना शहरात जागा उरली नाही आणि शहरात विरोध करणारी माणसे वजनदार असतात. मग ती उद्याने शहराबाहेर पडतात. आणि मुंबईबाहेर पडणारे दोन मोठे रस्ते जिकडे येतात, त्या वाटेवर आपला शहापूर आणि मुरबाड तालुका बसला आहे. एक रस्ता कसाऱ्याकडे जातो, दुसरा माळशेजकडे. त्यात ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. अंतर मिनिटांत मोजले जाऊ लागले की जमीन चौरस फुटांत मोजली जाऊ लागते. म्हणून शहरातले हे भांडण आपण आजच समजून घेतलेले बरे.

आता प्रथम करमणूक या शब्दाकडेच पाहा. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली आपले साप्ताहिक काढले आणि त्याचे नाव 'करमणूक' असे ठेवले, तेव्हा त्यांना काही जादूचे खेळ दाखवावयाचे नव्हते. 'करमणे' हे मोठे गोड क्रियापद आहे. सासरी गेलेली मुलगी पहिल्या पत्रात लिहिते, "मला इथे करमत नाही." तिला तेथे खेळणी नाहीत म्हणून ती तसे लिहीत नाही. करमणे म्हणजे एखाद्या ठिकाणी जीव रमणे, त्या जागेत आणि त्या माणसांत आपले मन बसणे. म्हणजे हा शब्द जागेशी आणि माणसांशी बांधलेला आहे. तिकीट काढून आत जावे, पाच तास ओरडावे आणि बाहेर पडावे, याला आपण करमणूक म्हणू लागलो तो अगदी अलीकडे.

आपल्याकडे करमणुकीची वाण कधी नव्हती. मुरबाड तालुक्यातली म्हशाची जत्रा आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि पुढे कितीतरी दिवस चालते. बैलांचा बाजार भरतो, घोंगड्यांची दुकाने लागतात, मिठाईच्या परातींवर दिवे टांगलेले असतात, तमाशाचे तंबू उभे राहतात, पाळणे गरगरतात. घाटावरचा मेंढपाळ, कोकणातला कुणबी, ठाकूर, कातकरी, आगरी आणि कल्याणचा व्यापारी हे सगळे तेथे एकाच धुळीत उभे असतात. त्या जत्रेतही फसवणूक होते, भांडणे होतात, खिसे कापले जातात. मी काही तिचे भाबडे स्तोत्र गाणार नाही. परंतु तिच्या अर्थशास्त्राकडे थोडे लक्ष द्या. जत्रा पौषात का भरते? भात घरी आलेले असते. शेते मोकळी असतात, हातात थोडा पैसा असतो आणि बैलजोडी बदलावयाची असेल तर पुढच्या आवणीपूर्वी सवड असते. जत्रा मोकळ्या जमिनीवर उतरते, आपले दिवस खेळते आणि उठून जाते. पाळणेवाला खांब उपटतो, खड्डे बुजतात आणि मृगाचा पाऊस पडला की तीच जमीन पुन्हा भाताची होते. जत्रेने जमीन उसनी घेतलेली असते.

आणि पैसा? जत्रेतला पैसा हजार हातांत जातो. भजी तळणारी बाई, घोंगडी विणणारा, दोरखंड आणि घुंगुरमाळा विकणारा, गाडीवान, तंबूची दोरी ताणणारा पोरगा अशा सगळ्यांच्या पदरात थोडे थोडे पडते. करमणूक-उद्यानाची रचना याच्या बरोबर उलट असते. तेथे एक दरवाजा असतो. त्या दरवाजातून आत गेलेल्या माणसाने आतच खावे, आतच प्यावे, आतच टोपी विकत घ्यावी, अशी व्यवस्था असते. घरचा डबा आणि बाहेरचा वडापाव दारावर अडविला जातो. दरवाजाबाहेरच्या गावाला काय मिळते? गाड्यांची रांग मिळते.

हे सगळे प्रत्यक्ष कसे घडते ते पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. गोराईला जाऊ या. बोरिवलीच्या पश्चिमेला खाडी ओलांडली की गोराई, मनोरी, उत्तन हा एक लांबट पट्टा लागतो. त्यातले गोराई-मनोरी मुंबई महापालिकेत आणि उत्तन मीरा-भाईंदर महापालिकेत, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात येते. कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि आगरी लोकांची ही जुनी गावे आहेत. मासळी, भात, भाजीपाला, ताडाची झाडे यांवर त्यांचा संसार चालत आला. १९८९ साली तेथे एस्सेलवर्ल्ड उभे राहिले, १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले. एका पिढीला ते नाव पाठ आहे. आपण आता घरी जाणारच नाही, येथेच राहणार, असा हट्ट धरणाऱ्या मुलाची त्या पार्काची जाहिरात घरोघर दूरचित्रवाणीवर दिसे आणि लहान मुले ती दिवसभर म्हणत. जाहिरात झकास होती. फक्त एवढेच की त्या कुंपणाला लागून ज्यांचे खरोखरीच घर होते, त्यांच्याविषयी जाहिरातीत काही नव्हते.

त्या बेटावरच्या गावांनी पिण्याच्या पाण्यासाठी, रस्त्यासाठी, दवाखान्यासाठी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. आणि त्याच बेटावर पाण्याच्या लाटा निर्माण करणारे तलाव बांधले गेले. यात कायद्याचा भंग कोठे झाला हे शोधण्यासाठी मी आलो नाही, तो न्यायालयांचा विषय आहे. मला शेजार दाखवावयाचा आहे. एका बाजूला लाट विकत मिळते, दुसऱ्या बाजूला बाई हंडा घेऊन उभी आहे, आणि दोघांमध्ये एक भिंत आहे.

गोराईकरांचा मोठा लढा झाला तो पहिल्या पार्कासाठी नव्हे, पुढच्या आराखड्यासाठी. गेल्या दोन दशकांत या साऱ्या पट्ट्यावर पर्यटनाचे विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा प्रस्ताव आला, मग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला तेथे विशेष नियोजन प्राधिकरण नेमून करमणूक आणि पर्यटन यांची क्षेत्रे आखण्याचा घाट घातला गेला. त्या वेळी गावे उठली. धारावी बेट हे त्या भूमीचे जुने नाव आहे आणि ते बेट वाचविण्यासाठी माणसे संघटित झाली. मोर्चे निघाले, हरकतींचे गठ्ठे कचेरीत गेले. चर्चच्या आवारात, कोळीवाड्यात, शेतकऱ्यांच्या अंगणात सभा झाल्या. विशेष आर्थिक क्षेत्र काही तेथे उभे राहिले नाही.

यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पहिल्या कुंपणाच्या वेळी माणूस बेसावध असतो. जमीन एकेकाची जाते. अमुक भाऊ विकतो, तमुक काकी विकते, प्रत्येकाला आपापली गरज असते, कोणाला मुलीचे लग्न, कोणाला आजारपण. जमीन विकणारा एकटा असतो आणि घेणाऱ्याच्या कपाटात मात्र गावाचा सगळा नकाशा असतो. दुसऱ्या आराखड्याच्या वेळी नकाशा लोकांच्या हातात पडतो, आणि मग कळते की आपण विकले ते तुकडे जोडून काय होणार होते.

आणि आज त्या पार्काचे काय? करोनाच्या साथीनंतर एस्सेलवर्ल्ड बंद पडले. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे अप्पूघर पाहा. ते १९८४ साली उघडले आणि २००८ साली बंद झाले. पाव शतकसुद्धा भरले नाही. भातखाचराला हे आयुष्य ऐकविले तर ते हसेल. करमणुकीचे यंत्र लवकर जुने होते, कारण तिचा जीव नावीन्यात असतो. दर दोन-चार वर्षांनी अधिक उंच, अधिक वेगवान पाळणा आणला नाही तर पोरे फिरकत नाहीत. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांच्या धंद्यासाठी शेकडो वर्षांची जमीन आपण देतो, आणि धंदा संपल्यावर ती जमीन भाताकडे परत येत नाही. ती इमारतींकडे जाते. जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

आता शहराच्या पोटातले एक भांडण पाहू. महालक्ष्मीचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान १८८३ सालापासून आहे. सुमारे २११ एकरांची मोकळी जागा आणि तीही दक्षिण मुंबईच्या मधोमध! ३१ मे २०१३ रोजी तिचा भाडेपट्टा संपला आणि तेथे भव्य थीम पार्क करावे अशी सूचना पुढे आली. मग जवळपास दहा वर्षे हा प्रश्न भिजत पडला. नंतर पुन्हा थीम पार्कचे नाव निघाले, तेव्हा तेथे रोज सकाळ-संध्याकाळ फिरावयास येणारी माणसे, घोड्यांची शौकीन मंडळी, वास्तुविशारद आणि वकील असे सगळे उभे राहिले. सभा झाल्या, सह्या झाल्या, वर्तमानपत्रे भरून गेली. शेवटी २०२४ साली १२० एकर जागा महापालिकेकडे आणि ९१ एकर शर्यतींच्या क्लबकडे अशी वाटणी ठरली, आणि सरकारची भाषा थीम पार्कवरून सार्वजनिक उद्यानावर आली. नाव बदलल्याने सारे बदलते असे मी मानीत नाही, जमिनीखाली काय बांधणार यावरून वाद पुढेही राहिला. पण पाळण्यांचे नाव कागदावरून गेले, हे विरोधकांचे यश म्हटले पाहिजे.

मला या विरोधकांचे कौतुक वाटते, आणि थोडी गंमतही वाटते. मोकळी जागा ही शहराची फुफ्फुसे आहेत, असे जो गृहस्थ महालक्ष्मीला पोटतिडकीने सांगतो, तोच शनिवारी मोटार काढून आपल्याकडच्या एखाद्या डोंगरउतारावरच्या निळ्या तलावात डुंबावयास येतो. त्याला दोष देऊ नका. आपल्या दारातली मोकळी जागा त्याला दिसते, आपल्या तालुक्यातली वरकस जमीन त्याला रिकामी वाटते. आणि वरकस म्हणजे काय हे त्याला सांगावयास आपण तरी कधी गेलो आहोत? सातबाऱ्यावर ज्या जमिनीपुढे काही मोठे पीक लिहिलेले नसते, तेथे आपली गुरे चरतात, नाचणी-वरई पिकते, गवत कापले जाते, सरपण मिळते आणि पावसाचे पाणी मुरून खालच्या विहिरीत येते. कागदावर ओसाड आणि संसारात कामाची, अशी ती जमीन आहे. करमणूक-उद्यानाला नेमकी तीच हवी असते, कारण ती स्वस्त असते.

नागपूरची गोष्ट वेगळी आहे आणि ती थोडक्यात सांगतो. तेथे अंबाझरी उद्यानाच्या परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे सांस्कृतिक भवन होते. त्या परिसरात करमणूक-उद्यान करण्यासाठी जागा एका खाजगी कंपनीला दिली गेली आणि २०२१ साली, टाळेबंदीच्या काळात, ते भवन पाडले गेले. २०२३ च्या जानेवारीत स्त्रियांनी तेथे धरणे धरले आणि ते महिनोन्‌महिने चालविले. उन्हाळा गेला, पावसाळा आला, बायका उठल्या नाहीत. तेथेच पुन्हा भवन बांधण्याची भाषा सरकारला करावी लागली. हा विरोध पाण्याचा नव्हता, जमिनीच्या मोबदल्याचाही नव्हता. आमच्या स्मरणाच्या जागेवर तुम्ही झोके बांधणार काय, एवढाच प्रश्न होता.

असाच प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला आहे. व्हर्जिनिया राज्यात हेमार्केट नावाच्या लहान गावाजवळ डिस्ने कंपनीने १९९३ साली इतिहासाचा देखावा करणारे एक मोठे पार्क जाहीर केले. तीन हजार एकर जमिनीचे करार झाले होते. राज्याच्या विधिमंडळाने १६ कोटी ३० लाख डॉलरची मदतही मंजूर केली. पण यादवी युद्धातली मनासासची रणभूमी तेथून थोड्याच मैलांवर होती. देशातले नामवंत इतिहासकार पुढे आले. खरी रणभूमी शेजारी असताना खोटी बांधून तिच्यावर तिकीट लावणार काय, असे त्यांनी विचारले. आसपासच्या जमीनदारांना रस्त्यांची आणि गर्दीची धास्ती होती, त्यांनी पैसा उभा केला. सप्टेंबर १९९४ मध्ये कंपनीने माघार घेतली. जगातली सर्वांत मोठी करमणूक कंपनी माघार घेऊ शकते, हे खरे. पण तेथे इतिहासकारांची लेखणी आणि जमीनदारांची थैली एकत्र आली होती, हेही विसरू नये. आपल्या पाड्यावरच्या कातकऱ्याजवळ यांतले काहीच नाही.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्या तालुक्याचे वर्णन एका म्हणीत झाले आहे : धरण उशाला, कोरड घशाला. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे. भातसा आपल्याच तालुक्यात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातशात असतो. मुंबई रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी घेते. तिकडे मुरबाडमध्ये काळू नदीवर आणखी एक धरण महानगरासाठी बांधावयास घेतले होते. जंगलाची परवानगी नसताना काम सुरू झाले म्हणून आदिवासी आणि शेतकरी न्यायालयात गेले आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने ते थांबविले. आणि आपल्याकडे मार्च उजाडला की पाड्यांवर टँकर सुरू होतो. भावली धरणातून शहापूरच्या ९७ गावांना आणि २५९ पाड्यांना पाणी आणण्याची योजना मंजूर झाली, म्हणजे धरणांच्या या तालुक्याला पाणी शेजारच्या नाशिक जिल्ह्यातून आणावे लागते!

असे का होते, याचे कारण आपल्या पायांखाली आहे. आपल्याकडे पाऊस उदंड पडतो, पण खाली काळा पाषाण आहे. तो पाणी धरीत नाही. वरच्या मातीच्या आणि मुरमाच्या थरात जेवढे मुरते तेवढेच विहिरीला मिळते, बाकीचे आठ दिवसांत समुद्राला जाते. तेव्हा आपल्या गावाचे उन्हाळ्याचे पाणी म्हणजे एक लहानसा रांजण आहे असे समजा. त्यात सगळे गाव तांब्या बुडविते. त्याच रांजणात कोणी खोल बोअर मारून यंत्राने ओढू लागला तर तळ लवकर लागणार.

एक साधा हिशेब मांडतो, कागद-पेन्सिल घेऊन घरी तपासून पाहा. पाण्याचा एक एकर पृष्ठभाग असलेले तलाव एखाद्या जलक्रीडा-उद्यानात आहेत असे धरा. लाटांचे, घसरगुंडीचे, लहान मुलांचे असे सगळे मिळून. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात पाण्याचा पाच-सहा मिलिमीटरचा थर रोज वाफ होऊन उडतो असे धरावयास हरकत नाही. म्हणजे दिवसाला वीस ते चोवीस हजार लिटर पाणी नुसते आकाशात गेले. कोणी प्यायले नाही, कोणी अंघोळ केली नाही, गाळणी धुतली नाही, बाग शिंपली नाही. त्या सगळ्याचे पाणी वेगळे. टंचाईच्या दिवसांत टँकरने माणशी दिवसाला २० लिटर पाणी द्यावे असा दंडक आहे. तेव्हा त्या एका एकरातून उडणारी वाफ ही हजार-बाराशे माणसांचे पाणी आहे. एका मोठ्या गावाचे! आणि हे सगळे घडते ते नेमके एप्रिल आणि मे महिन्यांत, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच असते आणि विहिरी आटतातही तेव्हाच. धंद्याचा हंगाम आणि टंचाईचा हंगाम एकच आहे.

"पण साहेब, रोजगार येतो त्याचे काय?" हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो विचारणारा तरुण खोटे बोलत नसतो. आसनगावहून पहाटेची लोकल पकडून, लोंबकळत मुंबईला जाणाऱ्या मुलाला घराजवळ काम मिळाले तर कोणाला नको आहे? करमणूक-उद्यानात कामे असतात. दरवाजावर रखवालदार लागतो, झाडलोटीला बायका लागतात, स्वयंपाकघरात माणसे लागतात, पाण्याजवळ जीवरक्षक लागतात. पण ही कामे बहुधा ठेकेदाराकडची असतात आणि शनिवार-रविवारच्या गर्दीवर वरखाली होतात. पावसाळ्यात काय, हा प्रश्न राहतोच. मला म्हणावयाचे आहे ते एवढेच की रोजगाराचा आकडा कोणी सांगितला तर त्याला तीन गोष्टी विचाराव्या : किती महिने, कोणाच्या पटावर, आणि जमीन विकणाऱ्याच्या मुलाला कोणते काम? मालक होता त्याचा मुलगा त्याच जमिनीच्या दरवाजावर गणवेष घालून उभा राहिला आणि गाड्यांना सलाम करू लागला, याला रोजगार म्हणता येईल, पण त्याला प्रगती म्हणताना माझी जीभ अडखळते.

करमणूक नकोच, असे मी म्हणत नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. पुण्याच्या महापालिकेने १९५३ साली पेशवे पार्क उघडले, १९५६ साली तेथे फुलराणी ही छोटी आगगाडी धावू लागली. सारसबागेच्या शेजारी, गरीब माणसाच्या खिशाला परवडेल अशा तिकिटात, कितीतरी पिढ्यांची मुले तीत बसली. मुंबईची राणीची बाग त्याहून जुनी. ही शहराने आपल्या पैशांनी, आपल्या जागेत, आपल्या मुलांसाठी केलेली करमणूक आहे. आपल्या शहापूरच्या, मुरबाडच्या मुलांसाठी अशी एक सावलीची बाग, एक घसरगुंडी, एक वाचनालय असावे यासाठी किती सभा झाल्या? मुंबईच्या मुलांनी येथे येऊन खेळावे म्हणून मात्र आपण डोंगर विकावयास निघालो.

निघालो, असे मी मुद्दाम म्हणतो. सभागृहात माझ्यासमोर वकील आहेत, शिक्षक आहेत, व्यापारी आहेत, पंचायतीत बसणारी मंडळी आहेत. मुंबईचा गिऱ्हाईक आपल्या पाड्यावर आपण होऊन येत नाही. त्याला कोणीतरी बोट धरून नेतो. सातबारा काढून देणारा, सहहिस्सेदारांच्या सह्या गोळा करणारा, कोणाकडे किती कर्ज आहे हे ठाऊक असणारा माणूस गावातलाच किंवा या बाजारपेठेतलाच असतो. सायंकाळी तो आपल्याच शेजारी चहा पितो. शहरातल्या धनिकाला शिव्या देणे सोपे आहे, कारण तो या सभेला आलेला नाही. या दलालीतून बांधलेली दोन-चार घरे मात्र आपल्या गल्लीत आहेत आणि त्या घरांत आपले येणे-जाणे आहे. त्यांच्याशी भांडण करा असे मी सुचवीत नाही. त्यांच्या ओसरीवर बसून एकदा पाण्याचा वर सांगितलेला हिशेब त्यांना करून दाखवा. त्यांच्याही विहिरी त्याच पाषाणात आहेत.

कायदा आपल्या बाजूला अगदीच नाही असे नाही. शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे आणि मुरबाडचा काही भागही. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी तेथील ग्रामसभेला बरेच बळ दिले आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जावयाची तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे सरकारी परवानगी लागते. कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला एरवी शेतजमीन घेता येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणण्यावर १९९३ च्या भूजल कायद्यानेच निर्बंध घातला, पुढे २००९ चा अधिक व्यापक कायदा झाला. ही सगळी कुलपे आहेत. परंतु किल्ली गावातल्या चार-पाच माणसांच्या खिशात असते आणि बाकीच्या गावाला कुलूप आहे हेच माहीत नसते. ठराव वाचला जातो, "सर्वानुमते मंजूर" असे लिहिले जाते, आणि त्या सर्वांपैकी निम्मे त्या वेळी भाताच्या खळ्यावर किंवा वीटभट्टीवर असतात.

माझे तिकडेच बोट आहे. ग्रामसभा वर्षातून ज्या चार ठरलेल्या दिवशी भरते त्यांतला एक दिवस १ मे हा आहे, म्हणजे ही व्याख्यानमाला संपते न संपते तोच. तुमच्यापैकी बहुतेकांचे घर येथे बाजारपेठेत असले तरी मूळ गाव पाच-दहा मैलांवर आहे आणि मतदारयादीत नाव अजून तेथे आहे. त्या दिवशी सकाळी गावी जा. सभेची नोटीस आणि विषयपत्रिका आधी मागून घ्या. बिगरशेती दाखल्याचा, ना-हरकतीचा किंवा "पर्यटन विकासा"चा विषय असेल तर तो वाचून दाखवावयास सांगा. गट नंबर कोणता, पाणी कोठून आणणार, बोअर किती आणि किती खोल, सार्वजनिक विहिरीपासून किती मीटरवर, सांडपाणी कोणत्या ओढ्यात सोडणार, एवढी उत्तरे लिहून इतिवृत्तात घ्यावयास लावा. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे मेअखेरीस परत येतात, तोपर्यंत विषय तहकूब ठेवा अशी सूचना तुम्ही मांडू शकता आणि तिला अनुमोदन द्यावयास एक माणूस पुरतो. त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.